पुनरुत्थानाची श्रद्धा

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते. वसंतसंपातानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पाठोपाठचा रविवार तो ईस्टर. म्हणून हा सण कधी मार्चच्या अखेरीस, तर कधी एप्रिल सरत आला असता येतो. ख्रिस्तेतर समाजाला नाताळ अधिक परिचयाचा आहे. परंतु ख्रिस्ती धर्माची उभारणी जन्मकथेवर नसून पुनरुत्थानावर आहे. येशू मेलेल्यांतून उठला नसेल तर आपला सारा उपदेश फोल होय, हे संत पौलाने करिंथ येथील मंडळीला आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

हा आनंदाचा सण खरा. पण त्याचा आरंभ आनंदात झाला नाही. शुभवर्तमानांतील हकीकत पाहावी. पहाटे कबरेकडे गेलेल्या स्त्रिया प्रेताला सुगंधी द्रव्ये लावण्यासाठी निघाल्या होत्या. जिवंत गुरूची भेट होईल, ही कल्पनाही त्यांच्या मनात नव्हती. पुरुष शिष्य तर दारे लावून भयभीत बसले होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उठलेल्या येशूच्या देहावरील खिळ्यांच्या खुणा पुसल्या गेलेल्या नव्हत्या. संशय घेणाऱ्या थोमाला त्याने त्याच खुणा दाखविल्या. जखम झालीच नव्हती असे पुनरुत्थान सांगत नाही. जखमेचा शब्द हा शेवटचा शब्द नव्हे, एवढेच ते सांगते.

असे म्हणणे उपासनामंदिरात सोपे असते; कारागृहात त्याचा कस लागतो. डीट्रिख बॉनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाच्या आयुष्यात तो लागला. त्यांचा जन्म १९०६ सालचा. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा जर्मनीतील पुष्कळ धर्मगुरूंनी नव्या राजवटीशी जुळवून घेतले. बॉनहोफर यांनी मात्र ज्यू लोकांच्या छळाविरुद्ध चर्चने उभे राहिले पाहिजे, अशी भूमिका त्याच वर्षी मांडली. गांधीजींचा सत्याग्रह जवळून पाहावा, अशी त्यांना फार उत्कंठा होती. गांधीजींनी १ नोव्हेंबर १९३४ रोजी पत्र लिहून त्यांना निमंत्रणही दिले होते. परंतु मायदेशी तरुण धर्मोपदेशक तयार करण्याचे काम अंगावर आले आणि हिंदुस्थानची यात्रा राहून गेली. १९३९ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत सुरक्षित होते. तेथे राहावे, असा मित्रांचा आग्रह होता. तरीही काही आठवड्यांतच ते परतले. स्वदेशाची आपत्ती जो वाटून घेणार नाही, त्याला पुढे तिच्या उभारणीत भाग घेण्याचा अधिकार उरणार नाही, अशी त्यांची धारणा होती. पुढे हिटलरविरोधी कटात ते सामील झाले आणि ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली.

१९४४ चा ईस्टर ९ एप्रिलला आला. त्या सुमारास बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी एक मार्मिक भेद केला आहे. धैर्याने मरणे मनुष्याला साधते, सॉक्रेटिसाने ते साधले. परंतु मृत्यूला जिंकणे ही निराळी गोष्ट असून ती पुनरुत्थानातच घडते. त्याच उन्हाळ्यात ते आणखी पुढे गेले. पुनरुत्थानाची आशा माणसाला पृथ्वीवरून उचलून परलोकी नेऊन ठेवीत नाही; ती त्याला नव्या रीतीने याच पृथ्वीवरील जीवनाकडे परत धाडते, असे त्यांनी प्रतिपादिले. धर्म म्हणजे दुःखापासून पळवाट, या आक्षेपाला कोठडीतून मिळालेले हे उत्तर होय.

१९४५ मध्ये ईस्टर १ एप्रिलला होता. पुढच्या रविवारी, ८ एप्रिलला, बॉनहोफर आणि इतर कैदी बव्हेरियातील शेनबर्ग गावच्या एका शाळेत होते. सोबत्यांनी प्रार्थनेचा आग्रह धरला. त्यांत बरेच कॅथलिक होते, एक रशियन कैदी तर नास्तिक होता. म्हणून बॉनहोफर यांना संकोच वाटला. खुद्द त्या रशियनानेही संमती दिली, तेव्हाच ते तयार झाले. त्यांनी दोन वचने घेतली: एक, दुसऱ्यांसाठी घायाळ झालेल्या सेवकाविषयीचे यशयाचे, दुसरे, पुनरुत्थानाने लाभणाऱ्या जिवंत आशेविषयीचे पेत्राचे. प्रार्थना संपते न संपते तोच त्यांना न्यायला माणसे आली. आपल्यापुरता हा शेवट, पण तोच आरंभही, अशा आशयाचा निरोप त्यांनी इंग्लंडमधील बिशप बेल यांच्यासाठी एका इंग्रज कैद्याजवळ ठेवला. ९ एप्रिलच्या पहाटे फ्लॉसेनब्युर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. वय अवघे ३९. दोनच आठवड्यांनी, २३ एप्रिलला, अमेरिकन सैन्य त्या छावणीत पोहोचले.

त्याच महिन्यात त्यांचे बंधू क्लाउस आणि दोन मेहुणेही मारले गेले. २७ जुलै १९४५ रोजी लंडनमध्ये बॉनहोफर यांच्यासाठी स्मरणप्रार्थना झाली. बर्लिनमध्ये त्यांचे वृद्ध मातापिता रेडिओजवळ बसले होते. पुत्राच्या मृत्यूची पक्की वार्ता त्यांना त्या प्रक्षेपणातून कळली.

अशा मातापित्यांपुढे कोणती श्रद्धा टिकते? दोन आठवडे आधी सुटका का झाली नाही, या प्रश्नाला ईस्टर उत्तर देत नाही. पहिल्या ईस्टरच्या पहाटेही शुक्रवारचा क्रूस खोटा ठरला नव्हता. ख्रिस्ती माणूस संकटकाळी पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो, तो संकट नाकारण्यासाठी नव्हे. सत्तेला माणसाचा प्राण घेता येतो. त्याच्या जीवनाचा अर्थ ठरविता येत नाही, एवढा भरवसा तो त्यातून घेतो. आणि हा भरवसा खरा असेल, तर लावलेली दारे उघडून त्याने पुन्हा लोकांत, त्यांच्या सेवेत आणि त्यांच्या दुःखात, परतले पाहिजे. शेनबर्गच्या त्या शाळेत नास्तिकाची संमती विचारून केलेली प्रार्थना हे अशाच परतण्याचे उदाहरण होय.