लाल दिसला की पंप काढायचा?
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



धुऱ्यावर पेटारी फुलते, रुईचे झाड फुलते आणि त्यांवर लाल ढेकूण दिसू लागतात. दुकानात सांगितले की डबा पुढे येतो. डब्याचे पैसे आपले, मजुरी आपली, नाकातोंडात जाणारे विषही आपलेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. म्हणून पंप भरण्याआधी आपण विचारू, हा लाल कोण? रंग सारखा असला तरी धंदे वेगळे आहेत.

पहिला, कपाशीवरचा लाल ढेकण्या. शास्त्रात त्याला डिसडर्कस म्हणतात. डोक्यामागे पांढरी रेघ, दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका, पोटाखाली पांढरे आडवे पट्टे. झुंडीने राहतो; शेपटीला शेपटी जोडून फिरणाऱ्या जोड्या आपण नेहमी पाहतो. पेटारी, अंबाडी, भेंडी ही कपाशीच्या नात्यातली झाडे, त्यांवर तो पोसतो. मग बोंडात सोंड खुपसून सरकीचा रस पितो. सरकीचे तेल आणि उगवण घटते, कापसाला डाग पडतो आणि बाजारात भाव पडतो. २००२ साली आलेले बीटी बियाणे बोंडअळीसाठी आहे. या ढेकण्याला त्याने काही होत नाही.

दुसरा, अँटिलोकस. हा पहिल्याचाच भाऊबंद आणि तसाच लालभडक. पण डोक्यामागची पांढरी रेघ नाही, पोटाखालचे पांढरे पट्टे नाहीत. हा डिसडर्कसला पकडून शोषून खातो. एका लालने दुसऱ्याला सोंडेवर धरलेले दिसले, तर तो आपला बिनपगारी राखणदार समजा.

तिसरा, शिकारी ढेकूण. लाल-काळा, डोके अरुंद, मान दिसते, सोंड आखूड, जाड आणि वाकडी. फुलांवर दबा धरून अळ्या मारतो. याला हातात धरू नका, जोरात डसतो.

चौथा, रुईच्या झाडावरचा. लाल अंगावर काळी नक्षी. रुईच्या शेंगांतील बियांचा रस पितो. रुईवर दिसला म्हणून कपाशीवर फवारायचे कारण नाही.

फवाऱ्याला ही ओळख नसते. चोराबरोबर राखणदारही मरतात आणि पुढच्या डब्याची सोय होते.

तेव्हा पहिल्यांदा काचेच्या बाटलीत धरा, उलटा करा, पोट पाहा. पांढरे पट्टे असतील तर सकाळी झुंडी रॉकेलमिश्रित पाण्यात झटका. फुटलेली बोंडे झाडावर ठेवू नका, वेचणी वेळेवर करा. धुऱ्यावरच्या पेटारीवर नजर ठेवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या धुऱ्यावरचे लाल ढेकूण बाटलीत भरून आणावेत. ओळख आपण सगळे मिळून पक्की करू. डबा घ्यायचा की नाही, हे मग दुकान ठरवणार नाही, आपण ठरवू.