शब्दसंपदा : पाठांतराकडून परिचयाकडे

(गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील व्याख्यानाचा संक्षेप)



मराठी माध्यमातून उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी महाविद्यालयात इंग्रजी ग्रंथ उघडतो आणि विषय समजत असूनही शब्दापाशी अडतो. हळूहळू तो वर्गात प्रश्न विचारणेच सोडतो. बुद्धी असून मुकेपण येणे, ही हानी मोठी आहे.

भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार इंग्रजी कादंबरी वा वृत्तपत्र इतरांच्या साहाय्याविना वाचण्यास ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे ठाऊक असावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे. नुसत्या याद्या घोकून हा डोंगर चढता येत नाही.

पहिला मार्ग मुळांच्या ओळखीचा. आपल्या 'दान' शब्दाचे लॅटिन भावंड 'डोनुम'. त्यातून 'डोनेशन' आणि 'डोनर' आले. अपराध पोटात घालणे या अर्थाचा 'कन्डोन' आणि क्षमेचा 'पार्डन' हेही त्याच घराण्यातले. 'क्षमादान' म्हणणाऱ्या आपणांस हे नाते सहज उमजावे. तसेच 'ज्ञा' धातूच्या नात्यात 'कॉग्निशन', 'इग्नोरन्स', 'डायग्नोसिस' येतात. मात्र इंग्रजी संस्कृतातून जन्मली, असे समजू नये. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात प्रतिपादिले होते. हे नाते भगिनींचे आहे.

दुसरा मार्ग शब्दाची सोबत पाहण्याचा. आपण चहा 'कडक' आणि पाऊस 'मुसळधार' म्हणतो. इंग्रजीतही चहा 'स्ट्राँग', पण पाऊस 'हेवी' असतो. म्हणून सुटा शब्द न टिपता पूर्ण वाक्य वहीत उतरवावे.

तिसरा मार्ग उजळणीचा. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरील प्रयोगांतून दाखविले की, पाठ केलेले आरंभीच सर्वाधिक वेगाने विसरले जाते. यास्तव नवा शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा पाहावा. स्वतःच्या वाक्यात योजावा.

दररोज तीन कुटुंबांशी परिचय केला, तर वर्षाला सुमारे १,१०० होतात. पालकांनी घरी एक चांगला शब्दकोश ठेवावा आणि मुलांच्या चुकांना हसू नये. मातृभाषेचा पाया भक्कम ठेवून परभाषेचे दार उघडावे, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.