जुन्या हत्यारांचे मोल
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मजसारख्या सुतारकीच्या मास्तराने आपणांपुढे काय बोलावे, असा प्रश्न मला स्वतःलाच पडला होता. विद्वत्ता माझ्यापाशी नाही. आयुष्याची चाळीस वर्षे मुलांना लाकूडकाम शिकविण्यात आणि सातारा-सांगलीकडील जुनी हत्यारे विकत घेण्यात, दुरुस्त करण्यात व पुन्हा विकण्यात गेली. तेव्हा ज्या विषयात माझे हात मळले, त्याविषयीच दोन शब्द बोलावे असे मी ठरविले. जुनी करवत आणि जुना रंधा यांचा महोत्सवाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु तो संबंध पवित्र शास्त्रातच आहे.

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाचा नियम सांगितला आहे. पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ धन्याकडे परत जावयाची. म्हणून मधल्या काळात जो जमीन विकी, तो खरोखर उरलेली पिकेच विकीत असे. पिकांची वर्षे अधिक उरली असतील तर मोल अधिक, थोडी उरली असतील तर मोल थोडे. आणि याच नियमाला जोडून, देवघेवीत कोणी आपल्या शेजाऱ्याला नाडू नये अशी आज्ञा आहे. महोत्सव आणि सचोटीचा व्यवहार ही दोन्ही एकाच अध्यायात शेजारी शेजारी बसली आहेत, ही गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. जुन्या हत्याराची किंमतही याच मापाने ठरवावी, हे माझे आजचे एकच म्हणणे आहे.

प्रथम ही हत्यारे बाजारात येतात कोठून, ते पाहू. आपल्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. नांगर, कुळव, पाभर आणि बैलगाडी ही त्याच्या हातची, आणि त्याबद्दल खळ्यावर धान्य हे त्याचे वेतन. पुढे लोखंडी नांगर आला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या वेळच्या औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. १९२२ साली धनजीशा कूपर यांनी सातारा भागात आपला कारखाना काढला. दोन्ही ठिकाणी लोखंडी नांगर तयार झाले. शेतकऱ्याचे त्यात हित झाले, याविषयी वाद नाही. तथापि सुताराचे एक काम कमी झाले. त्यानंतर ट्रॅक्टर आला, प्लायवूड आले, विजेवर चालणारा रंधा आला. अशा रीतीने पेटी कोपऱ्यात गेली, कोपऱ्यातून माळ्यावर गेली, आणि म्हातारा सुतार देवाघरी गेल्यावर ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढली. तेथून काही वस्तू पुण्याच्या जुन्या बाजारात जातात. तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. अलीकडे भ्रमणध्वनीवर छायाचित्रे पाठवूनही असा सौदा होतो.

आता परीक्षा कशी करावी, ते सांगतो. पटाशी हातात घेतली की प्रथम तिची सपाट पाठ पाहावी. धार म्हणजे पाठ आणि उतार यांचा संगम. पाठीवर गंजाने खोल खड्डे पडले असतील तर धार कधीच अखंड होणार नाही. वरवरचा तांबूस गंज मात्र पुसून जातो, त्याला भिऊ नये. पाते टोकाशी निळसर पडले असेल तर कोणी ते सहाणेच्या यंत्रावर तापवून त्याचे पाणी घालविले, असे समजावे. मूठ फुटकी असेल तर चिंता नाही. मूठ बाभळीची नवी बसविता येते, पोलाद नवे बसविता येत नाही. मग पोलाद किती शिल्लक आहे ते मोजावे. जितके पोलाद, तितकी वर्षे. हाच आपला योबेलचा हिशेब.

पुष्कळ जुन्या पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ अशी इंग्रजी अक्षरे उठविलेली असतात. ती वाचून काही लोक ते बीड समजून टाकून देतात. वस्तुतः अर्थ उलट आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन याने शेफील्ड येथे मुशीत पोलाद वितळविण्याची रीत बसविली. त्या उत्तम पोलादाचे ते नाव होय.

करवत डोळ्यासमोर धरून तिच्या कडेवरून नजर टाकावी. दाते बोथट असोत, कानशीने ते पुन्हा काढता येतात. पण पाते मुरगळले असेल तर ते सरळ करणे महाकठीण. बिडाच्या रंध्याला तोंडाशी बारीक तडा आहे की काय, ते उजेडात पाहावे. अमेरिकेच्या स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली लेनर्ड बेली याचे रंध्याचे हक्क घेतले, आणि तो घाट जगभर पसरला. त्या कंपनीच्या काही रंध्यांत, पाते ज्या बैठकीवर टेकते तिच्या मागे तीन तारखा ओतलेल्या आढळतात. दोन १९०२ च्या व एक १९१० ची. असा रंधा साधारणपणे १९१० ते १९१८ या काळातला समजतात. इंग्लंड-अमेरिकेत अशा वस्तूंचे संग्राहक आहेत, आणि ते अशा खुणांना पैसे मोजतात.

यावरून ध्यानात येईल की, एकाच हत्याराला तीन किमती असतात. भंगारवाला त्याचे वजन पाहतो, संग्राहक त्याची गेलेली वर्षे पाहतो, आणि कारागीर त्याची उरलेली वर्षे पाहतो. विकणाऱ्याला बहुधा पहिलीच किंमत ठाऊक असते. सगळा धोका येथेच आहे, आणि येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या बाजूच्या एका खेड्यात एका विधवा आजींच्या दारी मी गेलो होतो. त्यांच्या यजमानांची पेटी ओसरीवर काढून ठेवली होती आणि भंगारवाला काटा जुळवीत होता. मी त्याच्यापेक्षा थोडे अधिक पैसे देऊन सगळी पेटी घेतली. आजींनी मला आशीर्वाद दिला, आणि आपण मोठा उपकार केला अशा भावनेने मी घरी आलो. रात्री रंधा उघडून पाहतो तो आत तीन तारखा! मी आनंदाने ही गोष्ट पत्नीला सांगितली. तिने एवढेच विचारले, “हे त्यांना सांगितलंत का?”

घेताना ‘वाईट आहे, वाईट आहे’ म्हणावयाचे आणि घरी गेल्यावर फुशारकी मारावयाची, असे गिऱ्हाईक शलमोनाच्या नीतिसूत्रांत वर्णिले आहे. मी तर ‘वाईट’ म्हणालोही नव्हतो. केवळ गप्प बसलो होतो. परंतु जाणत्याने अजाणत्यापुढे धरलेले मौन हे त्या शब्दांहून निराळे नाही, हे मला त्या रात्री कळले.

पुढच्या आठवड्यात मी परत गेलो, रंध्याची खरी किंमत सांगितली आणि उरलेले पैसे पुढे ठेवले. आजींनी ते मोजलेही नाहीत. त्या म्हणाल्या, “मास्तर, पैसं ठेवा तुम्ही. पेटीतला गुण्या तेवढा परत द्या. नातू कवापासून मागतोय.” मी खजील झालो. या घरात हत्यार वापरणारे आता कोणी उरले नाही, असे मीच मनाशी ठरविले होते, विचारले नव्हते. मी पैसेही ठेवले आणि गुण्याही दिला. शिवाय एक पटाशी, एक लहान करवत आणि धार लावण्याचा दगड त्या मुलाला दिला. त्या पेटीतले माझ्या मते सर्वांत चांगल्या किमतीला गेलेले हत्यार म्हणजे तो गुण्याच होय.

हत्यार ही कारागिराची उपजीविका आहे, हे सर्व काळच्या कायद्यांनी ओळखले आहे. अनुवाद ग्रंथात जात्याची तळी गहाण घेऊ नये असे सांगितले आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचे जीवितच गहाण घेणे होय. आपल्या देशाच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही कारागिराची हत्यारे कर्जापायी जप्त करू नयेत, अशी तरतूद आहे. सावकाराने जे हिरावून घेऊ नये, ते आपण अज्ञानाचा फायदा घेऊन घ्यावे काय?

कोणी म्हणेल, काळ बदलला, आता हाताच्या कामाला कोण विचारतो? त्यांनी मिरजेला जाऊन सतारमेकर गल्लीतून एक फेरी मारावी. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार व झिलई करणारे. लढाया संपल्या आणि त्यांचे काम गेले. तेव्हा १८५० च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने फरीदसाहेब शिकलगार प्रभृतींनी सतार व तंबोरा घडविण्याची विद्या हस्तगत केली. पोलादाची जाण असलेले हात लाकूड व भोपळ्याकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धंदा बुडाला म्हणून त्या लोकांनी आपल्या हातातले कसब भंगारात घातले असते, तर आज कित्येक मैफली मुक्या राहिल्या असत्या.

बंधुभगिनींनो, आपला प्रभू सुताराच्या घरी वाढला. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा कामकरी संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. त्या घरातील करवतीला आणि वाकसाला साक्ष ठेवून आपणांस तीन विनंत्या करितो.

घरी जुनी पेटी असेल तर ती वजनावर विकू नका. आधी जाणत्याला दाखवा आणि घरातल्या मुलांना विचारा. विकावयाचीच असेल तर यंत्राने घासून चकचकीत करू नका, कारण खुणा आणि पोलाद दोन्ही त्यात जातात. आणि तुम्ही घेणारे असाल व तुम्हांला अधिक ठाऊक असेल, तर जे ठाऊक आहे ते भाव ठरण्यापूर्वी सांगा. तसे केल्याने नफा थोडा कमी होईल. पण दुसऱ्यांदा त्याच दारी ताठ मानेने जाता येईल.

महोत्सवात आपण गेलेली पन्नास वर्षे मोजीत आहोत. उरलेल्या वर्षांचे काम कोणत्या हातांत द्यावयाचे, तेही आज मोजावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.