लिनक्सच्या यंत्रावर विंडोजचे खेळ

(बारामती येथे, बारामती व इंदापूर तालुक्यांतील माध्यमिक शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकावरील खेळ हा विषय शिक्षकांच्या सभेत कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मुलांना खेळांपासून दूर कसे ठेवावे, हे सांगणारे व्याख्यान अधिक उपयोगी ठरले असते, असेही कोणी म्हणेल. परंतु आज खेळाकडे मी करमणूक म्हणून पाहत नसून कसोटी म्हणून पाहत आहे. पत्र लिहिण्याचा किंवा हजेरी ठेवण्याचा प्रोग्रॅम यंत्राकडे फारसे काही मागत नाही. खेळ मात्र पडदा, आवाज, कळफलक, स्मृती आणि साठवण ही सर्व एकाच वेळी मागतो आणि तीही सेकंदाला साठ वेळा. म्हणून विंडोजसाठी लिहिलेला खेळ जर लिनक्सवर चालू शकत असेल, तर शाळेतील इतर अनेक प्रोग्रॅमांच्या बाबतीतही आशेला जागा आहे.

ही आशा आजच का हवी, तेही सांगतो. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारी विनामूल्य सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे बंद झाली. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना एका वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली, एवढेच. त्यापुढील विंडोज ११ ही प्रणाली विशिष्ट सुरक्षा चिप आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर असल्याशिवाय यंत्र पात्र मानीत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या शाळेत अशी यंत्रे असतील की, ज्यांचा पडदा उत्तम आहे, कळफलक शाबूत आहे, परंतु या यादीत ती बसत नाहीत. ती भंगारात काढावयाची काय? याच बारामती तालुक्यात शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या परिसरात, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचा उसाच्या शेतीत वापर होत आहे. तेव्हा त्या कंपनीशी आपले वैर असण्याचे कारण नाही. मात्र आपल्या शाळेतील यंत्र केव्हा निवृत्त व्हावे, हे कंपनीच्या वेळापत्रकावरून ठरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

लिनक्स ही विनामूल्य आणि खुली प्रणाली जुन्या यंत्रांवरही बऱ्यापैकी चालते, हे आपण ऐकले असेल. तिच्याविरुद्ध नेहमी एकच आक्षेप येतो, तो म्हणजे, ‘आमचे प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत.’ हा आक्षेप कितपत खरा आहे, ते पाहू.

प्रोग्रॅम स्वतः फार थोडे करतो. फाईल उघडणे, पडद्यावर रेघ काढणे, आवाज करणे, अशी प्रत्येक गोष्ट तो प्रणालीकडे मागतो. ही मागणी म्हणजे एक प्रकारचा अर्जच होय. आपणां सर्वांना नीरा डाव्या कालव्याचे पाणी ठाऊक आहे. पाणी हवे असल्यास शेतकरी सात नंबरचा नमुना भरून देतो. आता अशी कल्पना करा की, नीरेच्या पलीकडे उजव्या कालव्यावर निराळ्या नमुन्याचा अर्ज चालतो. तिकडचा नमुना घेऊन आलेला माणूस इकडच्या कचेरीत उभा राहिला, तर कारकून त्याचा कागद परत करील. पाणी तेच, जमीन तशीच, अडले ते केवळ कागदाच्या नमुन्यावर. विंडोजचा प्रोग्रॅम लिनक्सवर अडतो तो याच रीतीने. दोन्हींखालचा प्रोसेसर तोच असतो आणि बेरीज-वजाबाकीची आज्ञा तो दोन्हींकडे सारखीच समजतो. अडचण येते ती प्रणालीकडे करावयाच्या मागण्यांत.

यावर दोन उपाय संभवतात. एक म्हणजे यंत्राच्या आत दुसऱ्या संपूर्ण यंत्राचा आभास उभा करणे. हे आपल्या शेतापुरते नवे धरण बांधण्यासारखे आहे. ते होते, पण खर्चिक पडते. दुसरा उपाय असा की, कचेरीच्या दाराशी एक जाणता माणूस बसवावा आणि परक्या नमुन्यातला अर्ज आला की त्याने तो तत्काळ इथल्या नमुन्यात उतरवून आत द्यावा, उत्तर आले की ते पुन्हा तिकडच्या नमुन्यात लिहून परत करावे. या जाणत्या माणसाच्या कामालाच आपण जुळवणीचा थर म्हणू. खेळाचा एक शब्दही यात बदलावा लागत नाही.

असा थर बांधण्याचा प्रयत्न १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याला ‘वाइन’ हे नाव पडले. द्राक्षाचे पीक घेणाऱ्या या भागात नावावरून गैरसमज होणे शक्य आहे, म्हणून सांगतो की, ‘वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर’ या वाक्याच्या आद्याक्षरांची ती जुळवाजुळव आहे. हे यंत्राचे सोंग नव्हे, असा त्याचा आशय. अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे १९९४ पासून या प्रकल्पाची धुरा आहे. पहिली पूर्ण आवृत्ती मानली गेलेली १.० बाहेर यावयास १७ जून २००८ हा दिवस उजाडावा लागला. पंधरा वर्षे! विंडोजमधील हजारो मागण्यांपैकी प्रत्येकीला काय उत्तर मिळते, ते बाहेरून पारखून स्वतंत्रपणे लिहावयाचे असे हे काम होते. मायक्रोसॉफ्टचा मूळ मजकूर ज्याने पाहिला आहे, त्याचा हातभार त्या भागांत घ्यावयाचा नाही, असा कडक दंडकही या मंडळींनी पाळला. त्यामुळे चोरीचा आरोप टिकू शकला नाही. पुढे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच आपला ‘मोनो’ हा प्रकल्प वाइनच्या मंडळींच्या हवाली केला.

काम किती बारकाईचे आहे, याची एक-दोन उदाहरणे देतो. विंडोजचा खेळ आपली फाईल ‘सी ड्राइव्ह’वर शोधतो. लिनक्समध्ये सी ड्राइव्ह नावाची वस्तूच नाही. तेव्हा वाइन एका साध्या फोल्डरला सी ड्राइव्ह म्हणून पुढे करते आणि खेळाचे समाधान होते. विंडोज फाईलच्या नावात इंग्रजी लहान आणि मोठ्या लिपीचा भेद मानीत नाही. लिनक्स तो काटेकोरपणे मानते. देवनागरी लिहिणाऱ्या आपणांस हा भेद क्षुल्लक वाटेल, पण एवढ्यावरून खेळ बंद पडू शकतो. म्हणून प्रत्येक नाव दोन्ही रीतींनी शोधून पाहावे लागते.

याहून कठीण प्रश्न वाट पाहण्याचा. आधुनिक खेळात अनेक कामे एकाच वेळी चालू असतात व ती एकमेकांसाठी थांबतात. कोणी थांबावे आणि कोणी निघावे, याचा निवाडा वाइनमध्ये एका मध्यवर्ती सेवकाकडे होता. प्रत्येक कामाने त्याच्या दारी जावयाचे. इंदापूरच्या टेलच्या शेतकऱ्याला हे सांगावयास नको की, उशिरा आलेले आवर्तन हे पुष्कळदा न आल्यासारखेच असते. खेळाच्या बाबतीत उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो, परंतु त्यानेही चित्र अडखळते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.१४ या गाभ्यात ‘एनटीसिंक’ नावाची सोय वापरण्याजोगी झाली आणि हा निवाडा गाभ्यातच होऊ लागला.

चित्रांचा भाग स्वतंत्र आहे. विंडोजचे खेळ चित्रासाठी ‘डायरेक्टथ्रीडी’ या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत बोलतात. लिनक्सवर ती भाषा नाही, तेथे ‘व्हल्कन’ ही खुली भाषा चालते. फिलिप रेबोले या तरुणाने आपल्या आवडीचा एक जपानी खेळ लिनक्सवर खेळता यावा, म्हणून एका भाषेतून दुसरीत उतरविणारा ‘डीएक्सव्हीके’ हा थर लिहावयास घेतला आणि त्याने सगळ्या क्षेत्राचे चित्र पालटले. बारामतीत याचे नवल वाटू नये. मोरोपंतांनी याच गावी राहून एकच रामकथा नाना छंदांत व नाना बंधांत अष्टोत्तरशत वेळा रचली. कथा तीच, बांधणी निराळी. फरक एवढाच की, डीएक्सव्हीकेला हे काम डोळ्याचे पाते लवण्याआधी करावे लागते.

हे सर्व विनामूल्य काम करणाऱ्यांच्या उत्साहावर किती काळ चालले असते, याविषयी मला शंका आहे. त्याला बळ मिळाले ते व्यापारी गरजेतून. व्हॉल्व्ह ही अमेरिकन कंपनी ‘स्टीम’ नावाचे खेळांचे मोठे दुकान चालविते. आपले दुकान सर्वस्वी विंडोजच्या अंगणात आहे, याची तिला चिंता वाटू लागली. २०१३ मध्ये तिने स्टीम लिनक्सवर आणले आणि २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी खेळयंत्रे इतर कंपन्यांकडून बाजारात आणविली. तो प्रयोग फसला. खेळ बनविणाऱ्यांनी लिनक्ससाठी आपले खेळ पुन्हा लिहावेत, अशी अपेक्षा होती आणि बहुसंख्यांनी ते केले नाही. गिऱ्हाईक थोडे म्हणून खेळ नाहीत आणि खेळ नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, असा तो पेच होता.

मग कंपनीने दिशा बदलली. खेळ करणाऱ्यांची मनधरणी सोडून तिने वाइन, डीएक्सव्हीके आदी साधने एकत्र बांधली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ या नावाने स्टीममध्ये घातली. आरंभी अवघ्या २७ खेळांची तपासून यादी देण्यात आली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरावयाचे यंत्र विक्रीस आले. त्याच्यात लिनक्स आहे आणि त्यावर विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ चालतात. त्यांपैकी बहुतेकांच्या कर्त्यांनी लिनक्ससाठी काहीही वेगळे केलेले नाही. काही खेळ तर विंडोजइतक्याच वेगाने धावतात.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने केलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवर रचलेली आहे. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत तिला नामांकन मिळाले होते. संगणकासाठी हा खेळ विंडोजकरिता निघाला, पण तीच प्रत प्रोटॉनमधून लिनक्सवर खेळता येते. छोट्या संस्थेला दुसरी आवृत्ती लिहिण्याचा खर्च न करता आपला खेळ आणखी लोकांपर्यंत नेता येतो, हा मला या तंत्राचा मोठा लाभ वाटतो.

आता अडचणी. त्या झाकून ठेवल्या, तर उद्या आपणच मला दोष द्याल. अनेकांनी मिळून स्पर्धेने खेळावयाच्या काही खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी असतो आणि तो विंडोजच्या थेट गाभ्यात शिरून बसतो. जुळवणीचा थर गाभ्याच्या बाहेर काम करतो, म्हणून तो येथे हतबल ठरतो. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ हे खेळ याच कारणाने लिनक्सवर चालत नाहीत. काही पहारेकऱ्यांनी २०२१ पासून प्रोटॉनला वाट दिली आहे, पण ती उघडणे खेळाच्या मालकाच्या मर्जीवर असते. ‘एपेक्स लेजंड्स’ चालत होता, तो ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी मालकांनी बंद केला. ज्या प्रोग्रॅमांना यंत्राला लावावयाचे कुलूप, म्हणजे डाँगल, लागते तेही बहुधा असेच अडतात. जुन्या मराठी अक्षरजुळणीची अशी सॉफ्टवेअरे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. नकली प्रतीला वाइनमुळे कायदेशीरपणा येत नाही, हेही विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

आणि मुख्य गोष्ट ही की, थर कितीही चांगला असला, तरी तो यंत्राला नवी ताकद देत नाही. व्हल्कन न समजणारी जुनी चित्रयंत्रणा असेल, तर आजचे भारी खेळ विसरावेत. तेथे दहा-वीस वर्षांपूर्वीचे खेळ शोभतात. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारखे जुने खेळ किंवा मुलांसाठीच्या जुन्या सीडींवरील गणित-भूगोलाचे खेळ यांना वाइन पुष्कळदा आधार देते. विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्यांनी १६ बिटांचे प्रोग्रॅम चालविणे सोडून दिले आहे, परंतु वाइनने त्यांतील अनेक सांभाळले आहेत. म्हणजे जुन्या विंडोजचा वारसा काही बाबतींत लिनक्सवरच अधिक सुरक्षित राहिला आहे! लहान मुलांसाठी ‘जीकॉम्प्री’ आणि ‘टक्स पेंट’ हे तर मुळातच लिनक्सवर चालतात, त्यांना थराचीही गरज नाही.

शाळांत लिनक्स हा काही अघटित प्रयोग नव्हे. केरळ राज्यातील शाळांत लिनक्सवर आधारलेली प्रणाली अनेक वर्षे वापरात आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणाली २००७ मध्ये प्रसृत केली. माझी सूचना एवढीच आहे की, सगळी प्रयोगशाळा एका दिवसात बदलू नये. एक यंत्र बाजूला काढावे. त्यातील कामाच्या फाईलींची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी. लिनक्स पेनड्राइव्हवर भरून, हार्ड डिस्कला हात न लावता, ते तेथूनच सुरू करून पाहावे. पडदा, आवाज आणि जाळे नीट चालते असे दिसले, तरच पुढे जावे. मग शाळेला लागणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी करून प्रत्येकापुढे ‘मूळचा चालतो’, ‘वाइनमधून चालतो’, ‘चालत नाही’ यांपैकी एक शेरा लिहावा. ही तपासणी नववी-दहावीच्या मुलांकडे सोपवावी आणि आरंभ खेळापासून करावा. एखादा खेळ का अडला, हे शोधताना फाईल, ड्रायव्हर, स्मृती या शब्दांचा अर्थ ती जेवढ्या चिकाटीने शिकतील, तेवढ्या चिकाटीने ती पाठ्यपुस्तकातून शिकत नाहीत, हे आपण शिक्षक जाणताच.

‘चालत नाही’ हा शेरा मात्र कायमचा समजू नये. वाइनची नवी आवृत्ती साधारणपणे दर वर्षाच्या आरंभी येते. मागील वर्षी अडलेला प्रोग्रॅम यंदा चालल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तेव्हा यादीवर तारीख घालावी आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर ती पुन्हा तपासावी. शेजारच्या खोलीत दोन जुनी यंत्रे जोडून ठेवली आहेत. एकावर वाइन आहे, दुसरे पेनड्राइव्हवरून सुरू करावयाचे आहे. ज्यांनी आपल्या शाळेतील जुन्या सीडी आणल्या असतील, त्यांनी त्या घेऊन तिकडे यावे.