झांज गप्प करण्याची विद्या

पेडणे तालुक्याच्या टोकाला, दोडामार्गच्या शेजारी आमचे इब्रामपूर गाव आहे. चतुर्थीच्या दिवसांत तिथे घराघरांतून घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या साथीने आरत्या चालतात. कासाळे म्हणजे काशाची मोठी झांज. घुमटाचे कौतुक सर्वत्र होते, 2019 साली गोवा सरकारने त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा मानही दिला, परंतु कासाळे वाजविणाऱ्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. तो बिचारा दोन ताटल्या एकमेकींवर आपटतो, एवढीच पुष्कळांची समजूत असते. माझीही तशीच होती. ती कशी दूर झाली, हे सांगण्यासाठी आज मी आपल्यासमोर बोलत आहे, आणि त्यास निमित्त झाली घरच्या घरी बनविलेली एक विद्युत् झांज.

माझ्या भाच्याला ड्रमवादनाचा नाद आहे. कॉलेजातील मुलांच्या वाद्यवृंदात तो वाजवतो. सराव मात्र आमच्या घरी चाले. चिऱ्याच्या भिंती आणि वर कौले, अशा घरात पाश्चात्त्य पद्धतीची एक झांज काठीने वाजली की तिचा निनाद पार परसापर्यंत जातो. माझी आई रात्री लवकर निजते, आणि भाच्याला वेळ मिळतो तो रात्रीच. तेव्हा एकतर सराव तरी बंद व्हावा, नाहीतर आवाज तरी, असा प्रसंग येऊन ठेपला. बाजारात विद्युत् झांजा मिळतात. त्यांवर काठी मारली तर रबराचा थप् असा आवाज येतो आणि खरा नाद वाजविणाऱ्याच्या कानावरील श्रवणयंत्रातच उमटतो. त्यांतील चांगल्या झांजेची किंमत ऐकून मी भाच्याकडे पाहिले आणि भाच्याने जमिनीकडे पाहिले. मग तो म्हणाला, “मामा, आपणच केली तर?”

ही कल्पना वाटते तितकी धाडसाची नाही. 1880 साली फ्रान्समध्ये झाक आणि प्येर क्यूरी या बंधूंनी असे दाखवून दिले की काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत्‌भार उत्पन्न होतो. मुलांच्या खेळण्यांत आणि गजराच्या घड्याळांत पिंपिं वाजणारी जी पितळी चकती असते, ती याच तत्त्वावर चालते. वीज दिली तर ती थरथरते, आणि उलट तिला थरथरविले तर ती वीज देते. झांजेच्या पोटाशी अशी चकती चिकटविली की काठीच्या प्रत्येक ठोक्यागणिक तिच्यातून विजेची एक लाट निघते. ठोका जोराचा तर लाट उंच. ती उंची मोजणारे चिमुकले संगणकफलक आता सहज मिळतात. फलकाने उंची मोजायची आणि तेवढ्या जोराचा ध्वनी साठ्यातून काढून ऐकवायचा.

आम्ही प्लॅस्टिकची सरावाची झांज घेतली. तिच्या कडेला सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटविली, खाली चकती लावली. चकतीवरील पांढऱ्या थराला डाख देताना हात चपळ हवा, कारण कढईच्या टोकाचा ताप जास्त वेळ राहिला तर तो थर निकामी होतो. आमच्या दोन चकत्या अशाच गेल्या. तिसरी बरोबर बसली, पण काठी जिथे नेहमी पडते नेमकी त्याच्याच खाली ती आम्ही लावली होती, त्यामुळे तिथला हलका ठोकाही गर्जना करू लागला. ती सरकवून पलीकडच्या बाजूस नेली तेव्हा प्रकरण ताळ्यावर आले.

इथवर काम सोपे होते. पण झांज हे वाद्य एका आवाजाचे नव्हे. तिच्या मधल्या घुमटीवर काठी मारली तर घंटेसारखा नाद येतो, पाठीवर मारली तर टणटणीत स्वच्छ ठोका मिळतो, आणि कडेवर आडवी काठी मारली तर लाट फुटावी तसा आवाज होतो. चकतीला ठोका किती जोराचा हे कळते, कुठे बसला हे कळत नाही. त्यासाठी कडेच्या रबराखाली तांब्याच्या चिकटपट्टीची दोन वलये समोरासमोर लावायची आणि त्यांच्यात स्पंजाचे पातळ तुकडे ठेवून ती एकमेकांपासून किंचित अलग ठेवायची. कडेवर काठी पडली की वलये क्षणभर एकमेकांस टेकतात. घुमटीवर अशीच दुसरी जोडी, परंतु तिच्या वाटेत दहा हजार ओहमचा एक रोध. फलकाच्या बाजूनेही तेवढाच रोध घालून पाच व्होल्टचा दाब दिलेला असतो. काहीच टेकलेले नसेल तर फलकाला पाच व्होल्ट दिसतात, घुमटी टेकली तर अडीच, आणि कड टेकली तर शून्य. एका तारेवरून तीन बातम्या! आमच्या भाच्याने ही युक्ती मला समजावून दिली तेव्हा मला आमच्या लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांची आठवण झाली. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि मुख यांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरणारे म्हणून त्यांची ख्याती होती. थोड्या साधनांत पुष्कळ काही सांगावे, हा तर तालवाद्यांचा जुनाच धर्म.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पाश्चात्त्य ड्रमवादक झांजेवर जोराचा ठोका मारतो आणि लगेच दुसऱ्या हाताने तिची कड पकडून तो निनाद मध्येच तोडतो. विद्युत् झांजेला हे कसे कळावे? त्याची योजना फार सुंदर आहे. कडेची तीच वलये इथेही कामी येतात. ती क्षणभर टेकून सुटली तर काठीचा ठोका. एक दशांश सेकंदाहून अधिक काळ टेकलेलीच राहिली तर वाजविणाऱ्याने कड धरली आहे, सबब आवाज बंद. स्पर्श एकच, अर्थ काळावरून ठरायचा.

पहिल्या दिवशी आमच्या झांजेने तोंडच उघडले नाही. ठोका मारावा आणि आवाज जन्मताच मरावा. दोन रात्री आम्ही डाख तपासले, स्पंज बदलले. अखेर दोष सापडला तो तारेच्या टोकाच्या खुंटीत. तीन वाटांच्या खुंटीऐवजी घरातली दोन वाटांची खुंटी आम्ही लावली होती. तिच्यात कडेची वाट जमिनीच्या वाटेला कायमची जोडली जाते. फलकाला आपले वाटत होते की कोणीतरी सारखी कड धरून उभा आहे. बिचारा आज्ञेप्रमाणे गप्प बसला होता.

निनाद ही झांजेची संपत्ती, पण यंत्रांना तीच सर्वांत जड गेली आहे. 1980 साली रॉजर लिन यांनी अमेरिकेत खऱ्या वाद्यांचे ध्वनी साठविलेले तालयंत्र काढले, त्यात ढोल होते, टाळ्या होत्या, पण लांब निनादाच्या मोठ्या झांजा नव्हत्या. तेवढा लांब आवाज साठविण्याइतकी स्मृती त्या काळी परवडणारी नव्हती. आज स्मृती स्वस्त झाली आहे. म्हणून आम्ही आमच्या घरचे कासाळे वाजवून त्याचाच आवाज साठविला आणि झांजेला दिला.

आमच्या गावात गेली अनेक वर्षे कासाळे वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. ते कुतूहलाने पाहावयास आले. कानाला श्रवणयंत्र लावून त्यांनी भाच्याला म्हटले, “वाजव रे बाबू.” त्याने वाजविले. “आता गप्प कर पाहू.” त्याने कड धरली, आवाज तुटला. वृद्धांनी मान हलविली. “आता अर्धे गप्प कर.” भाचा माझ्याकडे पाहू लागला. मग त्यांनी आमचे कासाळे हाती घेतले. एक ठोका मोकळा सोडला. दुसऱ्या ठोक्याला ताटल्या नुसत्या टेकवून ठेवल्या, तेव्हा नाद राहिला पण त्याची चमक गेली. तिसऱ्याला तळवा किंचित वाकवून पाठीला लावला, नाद वितळत गेला. चौथा घट्ट दाबून जागीच संपविला. “आरती म्हणणारा श्वास घेतो तिथे हे करायचे,” ते म्हणाले. “वाजवायला काय, कोणीही वाजवील.”

तांब्याच्या आमच्या दोन वलयांना फक्त होय आणि नाही हे दोनच शब्द येतात. त्या तळव्याला मधले सगळे शब्द येत होते. इतकी वर्षे आरतीत बसून हे माझ्या कानांनी कधी वेगळे टिपले नव्हते, ते एका प्लॅस्टिकच्या ताटलीने टिपविले.

विद्युत् झांज आरतीला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यात जुन्याचा हट्ट नाही. वाद्ये बदलतातच. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते निषिद्ध झाले, आता बकऱ्याचे कातडे वापरतात आणि घुमट घुमतच आहे. पण तिथे कातडे बदलले, हात तोच राहिला. इथे हाताचेच अर्धे काम नाहीसे होते. रात्रीच्या सरावाला मात्र ही झांज उत्तम आहे. माझी आई स्वस्थ निजते, हा तिचा गुण मी कमी लेखणार नाही.

भाचा स्वस्थ बसलेला नाही. नाजूक विद्युत् भाग ज्या काळ्या वीजवाहक स्पंजात खोचून येतात, त्याचा एक तुकडा त्याने वलयांच्या मध्ये घालून पाहिला आहे. तो जितका दाबावा तितका त्याचा रोध कमी होतो, म्हणजे कड हलकी धरली की घट्ट धरली हे फलकाला थोडेफार सांगता येईल. थोडेफारच, कारण आमच्या पावसाळी दमट हवेत तो स्पंज रोज निराळे आकडे दाखवितो, आणि तांब्याच्या पट्ट्याही कळकतात. काशाचे कासाळे चिंचेने घासले की उजळते, पट्ट्यांना चिंच चालत नाही. त्या आम्ही खोडरबराने घासतो. येत्या चतुर्थीपूर्वी ते वृद्ध गृहस्थ पुन्हा येणार आहेत, आणि अर्धे गप्प जमले का, एवढेच विचारणार आहेत.