ताणावर सुईचा इलाज : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी
(वर्तकनगर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यात निकाल, शिष्यवृत्त्या आणि प्रवेश यांवर बोलण्याची आपली प्रथा आहे. मी मात्र अंगात सुया टोचून घेण्यावर बोलणार हे कळताच काही जणांनी एकमेकांकडे पाहिले. परंतु निकालाआधीच्या दोन-तीन महिन्यांत आपल्या घरांत काय चालते ते तुम्ही जाणताच. दहावीचा मुलगा एकच पान उघडून तासभर बसतो. पेपरच्या दिवशी मुलीचे पोट सकाळीच बिघडते. आई फजरच्या अजानीपूर्वीच जागी असते, कारण रात्रभर तिचा डोळा लागलेला नसतो. वडिलांचे डोके ठणकते, ते गोळी घेतात आणि गप्प राहतात. या सगळ्याला आपण 'टेन्शन' हा एकच शब्द वापरतो आणि त्यावर इलाज विचारायला लाजतो. त्यातून आपण पडलो ठाणेकर! आपल्या गावात १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे, म्हणून 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा साऱ्या महाराष्ट्रात चालते. त्या थट्टेच्या भीतीने किती माणसे वेळीच डॉक्टरकडे गेली नाहीत, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मग कोणी शेजारी सुचवितो, 'सुया टोचून बघा, मला बरे वाटले.' तुम्ही जावे की न जावे, आणि गेलात तर काय होईल, एवढेच आज सांगायचे आहे.

ही विद्या चीनची, हे सर्वांना माहीत असते. ती हिंदुस्थानात कशी आली हे मात्र थोड्यांना ठाऊक असते, आणि त्या कथेत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या ३२ व्या वर्षी तिकडेच निवर्तले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला, तो तुमच्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. कोटणीस स्वतः शल्यचिकित्सक होते, सुयांचे वैद्य नव्हते. परंतु त्यांचे सोबती डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्यात ती सुरू केली. रणांगणावरील मैत्रीतून आलेली ही गोष्ट आहे, एखाद्या दुकानदाराने आणलेली नव्हे.

आता प्रत्यक्ष पहिला दिवस. रिकाम्या पोटी जाऊ नका, भुकेल्या माणसाला सुया टोचल्या की चक्कर येण्याचा संभव असतो. हलके काही खाऊन जा. कॅडबरी नाक्याच्या गर्दीतून धावतपळत जाऊन लगेच पलंगावर पडू नका, दहा मिनिटे आधी पोहोचा. चांगला चिकित्सक प्रथम सुई काढीतच नाही. तो झोप, भूक, पोट, पाळी, डोकेदुखी, चालू असलेली औषधे यांविषयी विचारील, नाडी पाहील, जीभ पाहील. आपल्या हकीमसाहेबांकडे गेलेल्यांना हे परके वाटणार नाही. गरोदर असाल, रक्त पातळ होण्याची गोळी घेत असाल किंवा हृदयात पेसमेकर बसविलेला असेल, तर त्याने विचारण्याची वाट पाहू नका, आपण होऊन सांगा.

भीती असते ती सुईची. इंजेक्शनच्या सुईतून औषध जायचे असते, म्हणून ती पोकळ आणि जाड. ही सुई भरीव असते आणि बहुधा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची. टोचताना डास चावल्याएवढे कळते, कधी तेवढेही नाही. त्यानंतर त्या जागी जडपणा, किंचित ठणका किंवा मुंग्या आल्यासारखे वाटते. चिनी वैद्य त्याला चांगले लक्षण मानतात. तीव्र कळ आली तर मात्र दात-ओठ खाऊन सोसू नका, लगेच सांगा. ताणासाठी सहसा मनगटाच्या आतली बाजू, दोन भुवयांच्या मधला भाग, डोक्याचा माथा, कान आणि पावले यांवरील बिंदू घेतात. म्हणजे आमच्या भगिनींना बाह्या वर सारणे आणि डोके मोकळे करणे एवढेच लागते. स्त्री चिकित्सक हवी असेल तर तसे आधीच विचारावे, त्यात संकोच कसला?

सुया लावून वीस ते तीस मिनिटे स्वस्थ पडायचे. कित्येकांना तेथेच झोप लागते. माझे स्पष्ट मत विचाराल तर या इलाजातील अर्धा गुण त्या अर्ध्या तासात आहे. घरातली कर्ती बाई दिवसाउजेडी अर्धा तास निजली आहे, कोणी तिला हाक मारीत नाही, मोबाइल दूर ठेवलेला आहे, असे एरवी कधी घडते?

मग उरलेला अर्धा गुण सुईचा की श्रद्धेचा? येथे शास्त्रज्ञांचे एकमत नाही. वारंवार येणाऱ्या अर्धशिशीवर आणि जुनाट डोकेदुखीवर उपयोग होतो, असे दाखविणारे बरेच प्रयोग झाले आहेत. परंतु त्यांत असेही दिसले की खोट्या जागी सुया टोचल्या तरी पुष्कळांना आराम पडतो, खऱ्या सुयांचा फायदा त्याहून थोडाच अधिक. निव्वळ ताण आणि चिंता यांच्याविषयीचा पुरावा तर अजून कच्चा आहे. जाता जाता एक गैरसमज काढून टाकतो. १९७१ साली जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराचे पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाचे ऑपरेशन झाले. ते सुयांनी बधिर करून केले, असे लोक आजही सांगतात. ऑपरेशन नेहमीच्या बधिर करणाऱ्या इंजेक्शनावरच झाले होते. सुया आल्या त्या नंतर, पोटातील अस्वस्थता कमी करण्यासाठी. 'शंभर टक्के गॅरंटी'ची पाटी लावणाऱ्या माणसाला ही कथा विचारून पाहा.

महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा कायदा आहे आणि त्याखाली अक्युपंक्चर परिषद आहे. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारणे हा तुमचा हक्क आहे. सुईचे पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडले पाहिजे आणि वापरलेली सुई तुमच्या समोरच टाकून दिली पाहिजे. एकाची सुई दुसऱ्याला लागली तर कावीळ आणि एड्ससारखे रोग जाऊ शकतात. येथे भिडस्तपणा नको.

दोन प्रश्न आपल्याकडे हमखास विचारले जातात. पहिला, हे हिजामाच का? नाही. हिजामात पेले लावून रक्त काढतात, अक्युपंक्चरमध्ये रक्त काढणे हा हेतू नसतो. सुई काढताना एखादा थेंब आला तर कापसाने दाबले की झाले. दुसरा प्रश्न रमजानचा. रोज्याच्या मसल्यासाठी आपल्या आलिमांना विचारा. माझे सांगणे प्रकृतीपुरते, की उपाशीपोटी सुया नकोत, इफ्तारनंतरची वेळ मागून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा हा प्रयोग करू नका. करायचाच तर महिना-दीड महिना आधी, पालकांना बरोबर घेऊन. एका वहीत रोज दोन ओळी लिहा, रात्री किती वाजता झोप लागली आणि डोके दुखले की नाही. पाच-सहा बैठकांनंतर वहीत काहीच फरक दिसत नसेल तर पैसे वाचवा आणि थांबा. चालू असलेली रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चिकित्सकाच्या सांगण्यावरून सोडू नका, ती ज्या डॉक्टरने दिली त्यालाच विचारा. आणि जेवण तुटले असेल, दोन-दोन आठवडे मन उदास असेल, जगणे नको असे कोणी एकदा जरी बोलले असेल, तर सुयांकडे जाऊ नका, सरळ मनोविकारतज्ज्ञाकडे जा. रात्री-अपरात्री कोणी सापडत नसेल तर १४४१६ हा सरकारी 'टेली-मानस'चा क्रमांक फिरवा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मी फळ्यावर लिहून ठेवला आहे, जाताना वहीत उतरवून घ्या.