रोग्याच्या दारीं कोणीं जावें ?



ज्युबिलीच्या दिवशीं पूर्वजांची स्तुति ऐकावयास आपण जमलां आहां. तथापि ज्या स्त्रियांचें नांव ख्रिस्तमंदिराच्या आवारांत सहसा कोणी घेत नाहीं, अशा सांगलीच्या कांहीं स्त्रियांविषयीं आम्ही आज बोलणार आहों.

वैद्यकाकरितां मिरजेचें नांव जुनें आहे. डॉ. वान्लेस यांनीं १८९४ सालीं तेथें रुग्णालय उघडलें, आणि कानडी मुलुखांतील रोगीहि तेथें येऊं लागले. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे होते, हें मोकळेपणानें सांगणें आम्हांस उचित वाटतें. परंतु ज्या रोगाची लाज वाटते, त्याचा रोगी रुग्णालयाची पायरी चढत नाहीं. एड्सचें तसेंच झालें. यल्लम्मेस वाहिलेल्या कितीएक मुली सीमेपलीकडून सांगली-मिरजेच्या वस्त्यांत येत. पोलिसांची धाड पडली कीं त्या पांगत, आणि दुखणें लपवीत.

१९९२ सालीं मीना शेषू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सांगलींत ‘संग्राम’ ही संस्था काढली. कोणत्या खोलींतील बाई तीन दिवस उठली नाहीं, हें डॉक्टरच्या आधीं शेजारणीस कळतें. म्हणून निरोध वाटणें, आजारी स्त्रीस सरकारी दवाखान्यांत नेणें, हीं कामें त्याच वस्त्यांतील स्त्रियांनीं हातीं घेतलीं. १९९६ सालीं त्यांनीं वेश्या अन्याय मुक्ति परिषद स्थापिली. कार्य निपाणीपर्यंत गेलें, आणि खेड्यांतील विवाहित स्त्रियांपर्यंतहि.

निरोधाविषयीं व त्या धंद्याविषयीं ख्रिस्तसभेची शिकवण आपणांस ठाऊक आहे. ती आम्ही येथें सैल करीत नाहीं. परंतु ‘त्यांच्या कर्माचें फळ’ हे शब्द आम्हीं भाविकांच्या तोंडून ऐकले आहेत. ते आपल्या धर्माचे शब्द नव्हेत. पतीनें घरीं आणलेला रोग जिला जडला, तिचें कर्म कोणतें ?

२००३ सालीं अमेरिकन सरकारच्या निधीस अट आली : घेणाऱ्या संस्थेनें या धंद्याविरुद्ध प्रतिज्ञा लिहून द्यावी. ‘संग्राम’नें निधि सोडला. त्या प्रतिज्ञेवर आम्ही कदाचित् सही केली असती. पण तो कागद खिशांत घेऊन वस्तींत गेलों असतों, तर एकहि दार उघडलें नसतें.

१ एप्रिल २००४ पासून सरकार या रोगाचें औषध विनामूल्य देऊं लागलें. तें नियमानें घेणारा मनुष्य पुष्कळ वर्षें जगतो; मात्र खंड पडतां कामा नये. सातारा-सांगलींत ऊसतोडीकरितां परजिल्ह्यांतून येणाऱ्या कुटुंबांची अडचण नेमकी हीच आहे : गोळ्या गांवच्या दवाखान्यांत, आणि मनुष्य सहा महिने फडांत.

धर्मग्रामाच्या आरोग्य-समितीस आमची सूचना आहे. यंदाच्या गळीत हंगामांत कोप्यांवर आपलीं माणसें धाडण्यापूर्वीं कोप्यांतीलच दोघी-तिघी स्त्रियांस विचारावें, आणि त्या सांगतील तसें काम मांडावें. रोग्यास घेऊन दवाखान्यांत जातांना त्यांचा रोज बुडेल. तो व एस.टी.चें भाडें ज्युबिली-निधींतून द्यावें.